वाचक विचारतात : १९८१ चा फ्लेमेंगो जगज्जेता होता का?

डिसेंबर २०२५ मध्ये कतारमध्ये पॅरिस सेंट-जर्मेन आणि ब्राझीलचा फ्लेमेंगो यांच्यात आंतरखंडीय चषकाचा अंतिम सामना झाला आणि १-१ अशा बरोबरीनंतर पॅरिसच्या संघाने तो पेनल्टी शूटआऊटवर जिंकला. त्यानंतर नागपूर आणि कामठीहून या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये फुटबॉलची पत्रे इतकी होती, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : अंतिम सामन्याच्या वेळी समालोचक फ्लेमेंगोचा उल्लेख ‘१९८१ चे जगज्जेते’ असा करत होते. मी तो मान्य केला. परंतु माझ्या पुतण्याचे म्हणणे असे, की फिफाची क्लब विश्वविजेतेपदाची स्पर्धा २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यापूर्वीचे जगज्जेतेपद ही निव्वळ फुशारकी आहे. आमच्या घरी यावरून दोन दिवस वाद चालला. कृपया निर्णय द्यावा. (एक वाचक, कामठी)

उत्तर : पुतण्याने दिलेले साल बरोबर आहे, पण निर्णय आपल्या बाजूने आहे.

१३ डिसेंबर १९८१ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर फ्लेमेंगोने युरोपविजेत्या लिव्हरपूलला ३-० असे हरवले. टोकियोत तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, रिओत मध्यरात्र होती आणि आपल्या घड्याळात सकाळचे साडेआठ. तिन्ही गोल पूर्वार्धातच झाले. नुनेसने दोन केले आणि आदिलिओने एक, पण तिन्हींचे मूळ झिकोच्या पायात होते. पहिल्या गोलाच्या वेळी त्याने बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून नुनेसच्या पुढ्यात टाकला, दुसऱ्या वेळी त्याची फ्रीकिक गोलरक्षकाच्या हातून निसटली आणि समोर आलेला चेंडू आदिलिओने आत ढकलला, तर तिसऱ्या वेळी त्याने बचावपटूंच्या मधल्या फटीतून पुन्हा नुनेसला पास दिला. सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू अर्थातच झिको ठरला.

ज्या सामन्यात हे घडले तो आंतरखंडीय चषकाचा दरवर्षीचा सामना १९६० पासून युरोपियन चषकाचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेच्या कोपा लिबर्टाडोरेसचा विजेता यांच्यात होत असे. कोपा लिबर्टाडोरेस ही स्पर्धाही १९६० मध्येच सुरू झाली, आणि ती सुरू होण्यामागे युरोपच्या विजेत्यासमोर उभा करण्यासाठी आपल्या खंडाचा एक अधिकृत विजेता हवा, हे एक मोठे कारण होते. पहिल्याच वर्षी उरुग्वेच्या पेन्यारोलने माँटेव्हिडिओत रेयाल माद्रिदला ०-० असे रोखले, परंतु माद्रिदमधील परतीच्या सामन्यात पुश्काश आणि दि स्टेफानो यांनी पहिल्या दहा मिनिटांतच तीन गोल करून टाकले आणि अखेर रेयालने ५-१ असा विजय मिळवला. रेयालने स्वतःला जगज्जेता म्हणवून घेताच फिफाने हरकत घेतली. बाकीच्या खंडांचे विजेते या सामन्यात नाहीत, तेव्हा जगाचे नाव घेण्याचा अधिकार या दोघांना नाही, असे फिफाचे म्हणणे होते. आपल्या पुतण्याचा आक्षेप म्हणजे फिफाचाच तो जुना आक्षेप आहे.

पुढे फिफानेच आपली भूमिका बदलली, आणि हा निर्णय आपल्या देशात झाला ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी फिफाची मंडळी कोलकात्यात जमली असताना, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथे भरलेल्या फिफा परिषदेच्या बैठकीत १९६० ते २००४ या काळातील आंतरखंडीय चषकाच्या सर्व विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता देण्यात आली. त्यामुळे १९८१ चा फ्लेमेंगो कागदोपत्रीही जगज्जेता आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मैदानावरच्या बळाच्या दृष्टीने ही मान्यता योग्यच होती. या चषकाची एकूण ४३ वर्षे खेळली गेली, त्यांपैकी २२ दक्षिण अमेरिकेने जिंकली आणि २१ युरोपने. इतका तुल्यबळ सामना फुटबॉलमध्ये दुसरा शोधावा लागेल. परंतु त्या ४३ वर्षांत आफ्रिका, आशिया, उत्तर व मध्य अमेरिका आणि ओशनिया यांच्या विजेत्यांना दारही उघडले गेले नाही, आणि मागणी झाली तेव्हाही युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या महासंघांनी ती मान्य केली नाही, हे त्याच नोंदीत लिहिले गेले पाहिजे. आपण ‘जगज्जेता’ हा शब्द जरूर वापरावा. पुतण्याने मात्र ‘दोन खंडांतला’ एवढे दोन शब्द त्याच्या आधी जोडण्याचा आग्रह धरला, तर त्याच्यावर रागावू नये.

प्रश्न : शाळेतील प्रश्नमंजूषेसाठी माहिती गोळा करताना १९६१ च्या या चषकाचे निकाल पाहिले. बेनफिका १-० ने जिंकली, नंतर पेन्यारोल ५-० ने जिंकला, आणि तरीही तिसरा सामना झाला. एकूण गोल ५-१ असताना तिसऱ्या सामन्याची गरज का पडली? ही छपाईची चूक आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, धंतोली)

उत्तर : चूक नाही, आणि प्रश्नमंजूषेसाठी यापेक्षा चांगला प्रश्न मिळणे कठीण आहे.

आज दोन टप्प्यांच्या लढतीत आपण दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करतो. त्या काळी या चषकात बेरीज गोलांची नव्हे, तर गुणांची होत असे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. एक सामना एकाने आणि दुसरा दुसऱ्याने जिंकला की दोघांचे गुण समान. मग एकाचा विजय १-० असा असो की ५-० असा, त्याने काहीही फरक पडत नसे. त्यामुळे लिस्बनमध्ये एका गोलाने हरलेल्या पेन्यारोलने माँटेव्हिडिओत पाच गोल चढवले, तरी दोनच दिवसांनी त्याच मैदानावर पुन्हा उतरावे लागले. बेनफिकाने या निर्णायक सामन्यासाठी एकोणीस वर्षांच्या युसेबियोला लिस्बनहून बोलावून घेतले. त्याने गोलही केला, परंतु पेन्यारोलने सामना २-१ असा जिंकला.

हाच नियम १९६४ मध्ये इंटर मिलानलाही नडला. अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंतेकडून ०-१ ने हरल्यावर त्यांनी घरी २-० असा विजय मिळवला होता. आजच्या हिशेबाने चषक त्यांचाच. पण त्यांना माद्रिदला जाऊन तिसरा सामना खेळावा लागला आणि जादा वेळेतील एकमेव गोलावर तो जिंकावा लागला. गोलांची बेरीज धरण्याची पद्धत या चषकात १९६९ पासून आली.

१९६३ चे उदाहरण मात्र वेगळे आहे, कारण तिथे गोलही समान होते. मिलानने आपल्या घरी ब्राझीलच्या सान्तोसला ४-२ असे हरवले. परतीच्या सामन्यासाठी सान्तोसने आपले लहानसे मैदान सोडून थेट रिओचे माराकाना स्टेडियम निवडले होते. नागपूरच्या संघाने घरचा सामना हैदराबादेत खेळावा, तसाच हा प्रकार. पण लाखाहून अधिक प्रेक्षक सामावणारे मैदान ते होते. पेले जखमी होऊन बाहेर बसलेला, मध्यंतराला सान्तोस ०-२ ने मागे. उत्तरार्धात त्यांनी चार गोल केले. तोच ४-२ आकडा उलटा झाला, आणि दोन दिवसांनी पेलेविनाच दाल्मोच्या पेनल्टीवर सान्तोसने १-० असा चषक राखला. लहान गटाच्या विद्यार्थ्यांना आपण ‘पेले न खेळता पेलेच्या संघाने कोणते जगज्जेतेपद जिंकले?’ असेही विचारू शकाल.

प्रश्न : ॲटलेटिको माद्रिद एकदाही युरोपचा विजेता झालेला नाही, तरी त्याच्या नावावर हा चषक आहे, असे वाचले. युरोपचे खरे विजेते कुठे गेले होते? (एक वाचक, महाल)

उत्तर : ते आले नाहीत. त्यामागची कारणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकसमोर अर्जेंटिनाचा रेसिंग क्लब होता. ब्युनोस आयर्सजवळच्या आवेयानेदा येथे दुसरा सामना सुरू होण्यापूर्वीच सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या डोक्यावर प्रेक्षकांतून भिरकावलेली वस्तू बसली आणि त्याच्याऐवजी राखीव गोलरक्षकाला उभे करावे लागले. दोघांनी एकेक सामना जिंकल्यामुळे तिसरा सामना माँटेव्हिडिओत झाला. त्यात पंचांनी सेल्टिकच्या चौघांना आणि रेसिंगच्या दोघांना मैदानाबाहेर काढले. लाल-पिवळी कार्डे तोवर आली नव्हती. पंच हाताने खूण करून खेळाडूला बाहेर जायला सांगत. सेल्टिकच्या बर्टी ऑल्डला बाहेर जाण्यास सांगितले गेले तेव्हा तो हललाच नाही, आणि त्या गदारोळात शेवटपर्यंत खेळत राहिला. रेसिंग १-० ने जिंकले. ग्लासगोला परतल्यावर सेल्टिकने आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी २५० पौंडांचा दंड केला. जखमी गोलरक्षकाच्या क्लबने दोष केवळ समोरच्याला न देता स्वतःच्या खेळाडूंकडूनही जाब मागितला, ही गोष्ट मला त्या सामन्याच्या निकालापेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, परिस्थिती आणखी बिघडली. अर्जेंटिनाचा एस्तुदियान्तेस विरुद्ध मिलान या लढतीचा परतीचा सामना ब्युनोस आयर्समध्ये होता. मिलानचा आघाडीपटू नेस्तोर कोम्बिन हा जन्माने अर्जेंटिनाचा, पण फ्रान्सकडून खेळलेला. त्याला इतके मारण्यात आले की त्याचा चेहरा रक्ताने भरला, आणि त्यावर कडी म्हणजे सामन्यानंतर लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपाखाली त्याला पोलिसांनी ताब्यात घेतले. नंतर त्याची सुटका झाली. अर्जेंटिनातही या प्रकाराबद्दल संताप होता; एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगात जावे लागले आणि गोलरक्षक पोलेत्तीवर आजन्म बंदी घातली गेली.

यानंतर युरोपचे क्लब कचरू लागले. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या अयाक्सने नकार दिला, तेव्हा उपविजेता पानाथिनाइकोस खेळला. १९७२ मध्ये अयाक्स गेला आणि जिंकलाही, पण आवेयानेदात त्यांचा खेळाडू क्रायफ जखमी झाला, आणि १९७३ मध्ये पुन्हा नकार. त्याच्या जागी आलेल्या युव्हेंटसने एकच सामना आणि तोही रोममध्ये, अशी अट घातली. इंडिपेंडिएंतेने ती मान्य केली, आणि बोचिनीच्या गोलावर रोममध्येच चषक जिंकून नेला. १९७५ आणि १९७८ मध्ये तर सामनाच झाला नाही. मारहाणीची भीती हे एकच कारण होते, असे मात्र समजू नये. भर हंगामात समुद्रापलीकडचा प्रवास, भरगच्च वेळापत्रक आणि त्यामानाने तुटपुंजे उत्पन्न, हा हिशेबही त्यामागे होता.

आता आपल्या ॲटलेटिकोकडे येऊ. १९७४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेची सहा मिनिटे उरली असताना लुइस आरागोनेसने फ्रीकिकवर गोल करून ॲटलेटिकोला आघाडी मिळवून दिली. अगदी शेवटच्या क्षणी बायर्न म्युनिकने बरोबरी साधली आणि दोन दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात ४-० असा चषक नेला. पुढे बायर्नने आंतरखंडीय सामन्याला नकार दिल्यावर उपविजेत्या ॲटलेटिकोला बोलावणे आले. तोवर आरागोनेस खेळाडूचा प्रशिक्षक झाला होता. १९७५ च्या एप्रिलमध्ये, इंडिपेंडिएंतेकडून पहिला सामना ०-१ ने हरल्यानंतर, त्याच्या संघाने माद्रिदमध्ये २-० असा विजय मिळवला. युरोपचा चषक ज्याच्या हातातून निसटला, त्याच्या हाती जगाचा चषक आला. या विजयाला ‘उधारीचा’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मैदानावर यायला जे तयार झाले, त्यांनी तो जिंकला.

प्रश्न : हा सामना जपानमध्ये का खेळवला जाऊ लागला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मोहननगर)

उत्तर : वरच्या उत्तरातील नकारांमुळेच. दोन्ही बाजूंची घरे टाळून तटस्थ ठिकाणी एकच सामना घ्यावा, असा तोडगा निघाला, टोयोटा कंपनीने प्रायोजकत्व दिले, आणि विजेत्या युरोपीय क्लबने सामन्याला यायचेच, असे करारानेच बांधून घेण्यात आले. फेब्रुवारी १९८१ मध्ये टोकियोत झालेला पहिला सामना उरुग्वेच्या नासिओनालने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध १-० असा जिंकला. त्यानंतर २००४ पर्यंत एकही वर्ष चुकले नाही. सर्वोत्कृष्ट खेळाडूला मोटार मिळे आणि तो मोटारीची भलीमोठी प्रतिकात्मक किल्ली हातात घेऊन छायाचित्रकारांसमोर उभा राही.

जपानमधील सामन्यांपैकी एकच निवडायचा, तर मी १३ डिसेंबर १९८७ चा पोर्तो विरुद्ध पेन्यारोल हा सामना निवडेन. सकाळपासून हिमवर्षाव चाललेला, मैदानावरच्या रेषा दिसेनाशा झालेल्या, बर्फ आणि चिखल यांचा एकच राडा. चेंडू दोन हात पुढे जाई आणि थांबे. १-१ अशी बरोबरी असताना जादा वेळेत पोर्तोच्या राबाह माजेरने गोलरक्षक पुढे आलेला पाहिला आणि लांबूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून टोलवला. चेंडू गोलच्या अलीकडे चिखलात पडला, त्याचा वेग गेला, आणि रेंगाळत, रखडत त्याने रेषा ओलांडली. पोर्तो २-१ ने जिंकला. माजेर अल्जीरियाचा. ज्या सामन्यात आफ्रिकेच्या क्लबला प्रवेश नव्हता, तो सामना आफ्रिकेच्या खेळाडूने जिंकून दिला.

प्रश्न : आता तर सहाही खंडांचे विजेते खेळतात. मग जुन्या पद्धतीतला अन्याय दूर झाला, असे म्हणता येईल का? (एक वाचिका, धरमपेठ)

उत्तर : दार उघडले आहे, पण सर्वांसाठी सारखे नाही. २००५ ते २०२३ या काळात फिफाचा क्लब विश्वचषक बहुतेक दरवर्षी झाला. आता तो दर चार वर्षांनी ३२ संघांचा झाला असून २०२५ मध्ये अमेरिकेत चेल्सीने जिंकला. वार्षिक सामन्यासाठी फिफाने २०२४ पासून आंतरखंडीय चषक हे जुने नाव पुन्हा घेतले. यात युरोपचा विजेता थेट अंतिम सामन्यात बसलेला असतो, आणि बाकीचे पाच आपापसांत खेळून त्याच्यापर्यंत पोहोचतात.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, ते ब्राझीलच्या बोताफोगोच्या २०२४ च्या वेळापत्रकात पाहावे. ३० नोव्हेंबरला त्यांनी ब्युनोस आयर्समध्ये कोपा लिबर्टाडोरेस जिंकली. ८ डिसेंबरला रिओत सामना जिंकून ब्राझीलचे राष्ट्रीय विजेतेपद निश्चित केले. तिथून दोहाला जाऊन ११ डिसेंबरला ते मेक्सिकोच्या पाचुकाविरुद्ध उभे राहिले आणि ०-३ असे हरले. त्या पाचुकाने पुढे तीन दिवसांनी इजिप्तच्या अल अहलीला पेनल्टीवर हरवले, आणि १८ डिसेंबरला एकच सामना खेळणाऱ्या रेयाल माद्रिदकडून ०-३ असा पराभव पत्करला. थकलेल्याने ताज्या संघाशी लढावे, अशी रचनाच करून ठेवली असेल, तर निकालाला न्याय्य म्हणायला माझे मन धजत नाही.

शिवाय पैशाचा प्रवाह आहेच. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मान निकालानंतर युरोपीय क्लबांवरची परदेशी खेळाडूंची बंधने सैल झाली आणि दक्षिण अमेरिकेची मुले विशी गाठण्याआधीच युरोपात जाऊ लागली. २००५ पासून दक्षिण अमेरिकेला साओ पावलो, इंटरनासिओनाल आणि कोरिंथियन्स असे तीनच विजेते मिळाले, शेवटचा २०१२ मध्ये. पाचुकाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात रेयालचे तीन गोल एमबापे, रॉड्रिगो आणि व्हिनिसियस यांनी केले. यांपैकी रॉड्रिगो सान्तोसच्या मैदानावर घडला आणि व्हिनिसियस फ्लेमेंगोच्या. साठ वर्षांपूर्वी पेले सान्तोसकडूनच युरोपविरुद्ध खेळत होता.

प्रश्न : एखादा भारतीय क्लब या सामन्यापर्यंत कधी पोहोचू शकेल का? (आठवीतील विद्यार्थी, कामठी)

उत्तर : नियमाने पोहोचू शकतो. त्यासाठी आधी आशियाचा विजेता व्हावे लागेल, मग इतर खंडांच्या विजेत्यांना हरवत युरोपच्या विजेत्यापर्यंत जावे लागेल. आपण आजवर कुठपर्यंत गेलो आहोत, ते सांगतो. २०१६ मध्ये बंगळुरू एफसी एएफसी चषकाच्या, म्हणजे आशियातील दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोहात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ ने हरला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीने पहिल्या श्रेणीच्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये विजय मिळवला. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. समोर तोच इराकचा एअर फोर्स क्लब होता, आणि निकाल होता २-१.